बोरजाईचा चुडा

"अशी घाल, की जल्मात उतरू नये," बायजाक्का म्हणाली. "हाताचं सालटं गेलं तरी चालंल."

मी खांद्यावरची बांगड्यांची मलार अजून खाली ठेवलीही नव्हती. उन्हातून दोन कोस तुडवत आलेल्या बाईला आधी पाणी विचारावं, मग काम सांगावं, एवढी रीत कातळवाडीतही होती. पण त्या दिवशी बायजाक्काला रीतभात सुचत नव्हती. ती उंबऱ्यात बसली होती आणि माझ्या तोंडाऐवजी माझ्या डाव्या खांद्याशी बोलत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता. कोणीतरी समोर आहे एवढं तिला कळायचं, कोण आहे ते ती आवाजावरून ओळखायची.

"कुणाला घालायच्यात?" मी विचारलं.

"सगुणाला. बोरजाईच्या नावाचा चुडा घालायचा हाय."

मी मलार उतरवली आणि तिच्या शेजारी बसले. तहानबिहान विसरून गेले.

ही गोष्ट बसऱ्याच्या, म्हणजे मागच्या जर्मन लढाईतली. आता पुन्हा एक लढाई चालू आहे, पुन्हा आमच्या माणदेशातली पोरं भरतीला रांगा लावतात आणि पुन्हा त्यांच्या बायका माझ्या सुनेपुढे हात धरून बसतात, म्हणून ती आठवली. त्या वेळी मी चाळिशीच्या आत होते. दहिवडीची कासारीण. मालकांची कंबर धरली तेव्हापासून मलार मी उचलली आणि गावोगाव हिंडायला लागले. माझ्याएवढा हलका हात त्या भागात कोणाचा नव्हता. हे मीच सांगते, कारण सांगणाऱ्या बाकीच्या सगळ्या वर गेल्या. बाईचा पंजा हातात घेतला की डोळे मिटून मला तिचं माप कळायचं, आणि बऱ्याचदा तिच्या घरात काय चाललं आहे तेही कळायचं. लढाई लागली तशी विलायती बांगडी यायची बंद झाली होती. मग मी देशी काच विकायला लागले. जाड, ओबडधोबड, पण वाजायला खणखणीत.

बोरजाई ही कातळवाडीची गावदेवी. ज्या बाईचा घरधनी दूर मुलखात अडकला, त्याचा ठावठिकाणा लागेना, तिच्या हातात देवीच्या पायाला लावलेला हिरवा चुडा भरायचा. तो हातात आहे तोवर देवी त्या माणसाला राखते, अशी तिथली समजूत. आपल्या हातानं तो फोडला तर त्याच्या जिवाचं बरंवाईट आपणच केलं असं मानत. म्हणून भरतानाच तो एक माप लहान भरायचा. मग पंजातून पुन्हा बाहेर येत नाही. कुणब्यांत बाईचा पाट लागत असे, तिला दुसरं घर करता येत असे. पण बोरजाईचा चुडा हातात असलेल्या बाईशी पाट लावायला पंचक्रोशीतला एकही माणूस तयार झाला नसता.

आणि सगुणानं विशीसुद्धा ओलांडली नव्हती.

तिचा नवरा हैबती, बायजाक्काचा एकुलता एक लेक, लग्नानंतर आठ महिन्यांनी पलटणीत गेला. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गावचा गणू एक हात गमावून परत आला. त्यानं सांगितलं की तिकडच्या नदीवर पहाटे होड्यांतून पलीकडे जायचं होतं. हैबती पुढच्या होडीत बसला, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. ती होडी पलीकडे लागली तेव्हा रिकामी होती. सरकारनंही हैबती बेपत्ता एवढंच कळवलं. जिवंत म्हणावं तर माणूस नाही, मेला म्हणावं तर माती नाही, अशा अधांतरी त्या घराला वर्ष होत आलं होतं.

"आज एवढी घाई का गं?" मी बायजाक्काला विचारलं.

तिनं हनुवटीनं अंगणाकडे खूण केली. तिथं कडुलिंबाखाली एक दांडगा गडी घोंगडीवर बसला होता. तो सगुणाचा भाऊ, धोंडी.

"न्यायला आलाय," बायजाक्का म्हणाली. "माज्या लेकाची बायकू दुसऱ्याच्या दारात उभी करायची म्हनतोय."

धोंडीनं ते ऐकलं. तो उठून ओट्यापाशी आला. आवाज चढवला नाही, पण चेहरा लाल झाला होता.

"बायजामावशी, पंचांनी मोकळीक दिलीया. पोरगी आमची हाय, तिचं वय काय, तुमीच इचार करा."

"माजा लेक मेला असं कुनी बगितलंय?"

"जित्ता बगितलाय का कुनी?"

"म्या बगत्ये," आंधळी बायजाक्का म्हणाली. "रोज."

तेवढ्यात सगुणा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या हातात एकेकच जुनी बांगडी उरली होती. तिनं तांब्या माझ्यापुढे ठेवला, भावाकडे पाहिलं नाही, सासूकडेही पाहिलं नाही. दोघं तिच्याबद्दल भांडत होते आणि ती मात्र शेजारघरच्या भांडणात उभी असावी तशी उभी होती.

"चल गं," मी तिला म्हणाले. "चुडा देवीच्या पायाला लावून आणू. बायजाक्का, तू बस, चढ तुला व्हायचा नाही."

देऊळ गावामागच्या टेकाडावर होतं. देऊळ कसलं, चार दगड आणि वर पत्र्याची पडवी. देवीपुढे मी बांगड्यांचा जुडगा ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि तिथंच पायरीवर बसले. मला कोणाच्या संसारात नाक खुपसायची सवय आहे, ती मी कधी लपवली नाही.

"सगुणा, तुला जायचं आहे का?"

ती खाली बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"मावशी, खरं सांगू? मला त्येंचं त्वांडसुदिक नीट आठवत न्हाई. आठवायला गेलं की नाक येतंय तर डोळं येत न्हाईत. योकच आठवतंय. जेवायला बसलं की भाकरीचा पयला तुकडा मोडायचे आन् आत्याबाईंच्या नकळत माज्या ताटात टाकायचे. येवढंच. येवढ्यावर जलम काडायचा व्हय?"

"मग जा भावाबरोबर."

"आन् आत्याबाईंना भाकरी कोन देनार? त्यास्नी चूलसुदिक दिसत न्हाई. मागल्या म्हैन्यात पदर पेटला व्हता." ती थांबली. "आन् मावशी, त्ये आलेच तर? आले आन् मी घरात नसले तर?"

"येईल असं वाटतं तुला?"

"सकाळी वाटतंय. दुपारी कामात असले की न्हाई वाटत." ती अचानक माझ्याकडे वळली. "मला आज न्हाई जायाचं. पर उद्याबी न्हाई, कंदीच न्हाई, आसं कोन माज्या हातात घालून ठेवाय लागलं तर मला भ्या वाटतंय. तुमी सांगा मी काय करू."

"मी बांगड्या भरते," मी म्हणाले. "बाकीचं तुझं तू बघ."

पण टेकाडावरून उतरताना माझं डोकं भराभर चालत होतं. मला बायजाक्काचा रागही आला होता आणि दयाही येत होती. म्हातारीला लेकाची आशा सोडवत नव्हती, यात तिचं काय चुकलं? कुठल्या आईला सोडवते? पण ती आशा तिला स्वतःच्या हातात घालून घेता येत नव्हती. ती विधवा. म्हणून ती सुनेच्या हातात भरायला निघाली होती, आणि तीही एक माप लहान. माणूस फार प्रेमात असला की दुसऱ्याची कातडी त्याला आपलीच वाटते. हे मी चारशे घरांत पाहिलं आहे, माझ्या स्वतःच्याही.

घरी आलो. बायजाक्का ओट्यावर सरकून आमच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. दिसत नसलं तरी तिला हजर राहायचं होतं. धोंडी खांबाला टेकून उभा राहिला.

देवीच्या पायाला लावलेला तो जुडगा मी सोडला. त्यात मी वर जातानाच लहानमोठी दोन्ही मापं घातली होती, अजून काय ते ठरवलं नव्हतं म्हणून. आता ठरलं. मी सगुणाचा पंजा हातात घेतला आणि तिच्या मापापेक्षा एक माप मोठी बांगडी उचलली.

तिनं बांगडीकडे पाहिलं. कुठल्याही पोरीला आपल्या हाताचं माप ठाऊक असतं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फक्त तिचा अंगठा जरा जोरात दाबला.

"सोड, हात मऊ सोड," मी मोठ्यानं म्हणाले. "ताठरू नको, नाहीतर काच रुतेल."

बांगडी अलगद आत गेली. तेल लागलं नाही, साबण लागला नाही.

"आई गं!" सगुणा किंचाळली.

पोरगी एवढी हुशार असेल असं मला वाटलं नव्हतं. दर बांगडीला ती कण्हत होती, आणि एकदा तर तिनं असा हुंदका काढला की मलाच खरं वाटलं. दोन्ही हात भरून झाले तेव्हा बायजाक्कानं आपला सुरकुतलेला हात पुढे केला.

"बगू दे."

पण सगुणानं तोवर सगळा चुडा वर सरकवून कोपराच्या जवळ नेला होता. तिथं हात भरलेला, बांगड्या गच्च बसल्या होत्या. म्हातारीनं बोटांनी चाचपल्या, हलवून पाहिल्या. हलेनात.

"न्हाई उतरत," ती म्हणाली. आणि तिनं सुनेचा हात दोन्ही हातांत धरून स्वतःच्या कपाळाला लावला. इतका वेळ रडली नव्हती, ती तेव्हा रडली.

धोंडीनं घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. "जित्तेपनी पुरली माजी भन," असं मला म्हणाला आणि चालता झाला. मी त्याला काही सांगायच्या भानगडीत पडले नाही. गड्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

निघताना सगुणा मला वेशीपर्यंत पोचवायला आली.

"मोडायच्या नाहीत, फोडायच्या नाहीत," मी तिला म्हणाले. "देवीचं तेवढंच म्हणणं आहे. अख्ख्या काढल्या तर देवीचा कुठला नेम मोडला? वाटेल तेव्हा काढ. नाही वाटलं तर नको काढू. हात तुझा आहे."

तिनं मान डोलावली. मग हसली, आणि मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत ती चुडा काढून ठेवेल आणि भावाकडे निघून जाईल. नाही गेली. मी सणासुदीला कातळवाडीला जायचे तेव्हा ती कधी जात्यावर असायची, कधी आडावर. पाणी शेंदताना बांगड्या घसरून आडात पडू नयेत म्हणून तिनं मनगटाला काळा दोरा गुंडाळला होता. विचारलं की म्हणायची, "आज न्हाई मावशी." मग मी विचारायचं सोडून दिलं. मानमोडीचा ताप आला, त्यात कातळवाडीची अर्धी आळी गेली. बायजाक्काही मरणाच्या दारापर्यंत जाऊन परत आली. सगुणानं तिला लेकरासारखं भरवून उठवलं. मग लढाई संपली. आगगाडीनं, बैलगाडीनं, पायी, जसजसे जमेल तसतसे गडी परत येऊ लागले. गावात कोणी आला की बायजाक्का त्याच्या घरी जाऊन बसायची आणि एकच प्रश्न विचारायची. कोणालाच काही ठाऊक नव्हतं. शेवटी येणारे संपले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला पुन्हा सांगावा आला. मी मलार घेऊन गेले. अंगणात कडुलिंबाखाली धोंडी बसला होता, तीच घोंगडी. या वेळी त्याला बोलावणं बायजाक्कानं पाठवलं होतं. सगुणाशी पाट लावायला तयार असलेला फलटणकडचा एक माणूस होता, बायको तापात गेलेली, पदरात एक पोर. सगुणा आत चुलीपाशी होती.

"ये," बायजाक्का माझ्या खांद्याला म्हणाली. या खेपेला तिनं आधी पाणी दिलं. मी तांब्या खाली ठेवला तशी म्हणाली, "चुडा उतरव तिचा."

एवढं धिटाईचं तोंड माझं, पण ऐन वेळी थाप मारली तीही बावळटासारखी.

"बायजाक्का, घट्ट भरलाय. तूच भरायला लावलास. आता फोडावा लागेल, आणि देवीचा चुडा मी फोडायची नाही."

"गोदे," ती म्हणाली, "किती खोटं बोलशील? दात पडाया आले तुजे."

मी उगाच मलारीची गाठ सारखी करू लागले.

"घट बांगडी वाजती का कंदी?"

जन्मभर बांगड्या विकल्या, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घट्ट बसलेल्या बांगड्या कातडीला चिकटून असतात, एकमेकींवर आपटत नाहीत. आणि मी भरली होती देशी काच.

"पयल्या सांजंला समजलं मला," बायजाक्का म्हणाली. "भाकरी थापाय बसली आन् खळ् खळ् खळ् वाजाय लागलं. माजं डोळं गेल्यात, कान न्हाई गेलं. असा संताप आला तुजा! म्हनलं, उद्या दहिवडीला जाती आन् हिची मलार रस्त्यात आपटती."

"मग आली का नाहीस?"

म्हातारीनं आतल्या दिशेला तोंड वळवलं. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि त्याच्याबरोबर बांगड्यांचा.

"सकाळी उटले. पुन्हा वाजत व्हत्या. म्हनलं, रातीत पळून जायाला मोकळी व्हती, गेली न्हाई. दुसऱ्या दिशी पुन्हा वाजल्या. मग मी रोज सकाळी पयला त्योच आवाज आयकायची. हैबती हाय का न्हाई त्ये देवीला ठावं. पर ही हाय, आन् बांदून न्हाई, आपल्या मनानं हाय. पोटच्या पोरानं केलं नसतं गोदे, येवढं हिनं माजं केलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता ती मागायची न्हाई. जा म्हनल्याबिगर जायाची न्हाई. म्हनून म्या म्हनत्ये. उतरव."

सगुणा दारात येऊन उभी होती. पीठ लागलेले हात तसेच. तिनं सगळं ऐकलं होतं. ती सासूपुढे बसली आणि मनगटाचा काळा दोरा स्वतःच सोडू लागली. पिठाच्या बोटांनी गाठ सुटेना, तेव्हा मी सोडवली. बांगड्या एकामागून एक पंजावरून घसरल्या आणि बायजाक्काच्या ओच्यात पडल्या. एकही फुटली नाही.

"आत्याबाई, भाकरी कोन करनार?" सगुणानं विचारलं. एवढ्या वेळात तिला एवढंच सुचलं.

"जावंची पोर येनार हाय ऱ्हायाला. बोलले म्या तिच्याशी. तू रडू नगंस, मला आवाजावरनं कळतंय." मग माझ्या खांद्याकडे वळून ती म्हणाली, "आन् गोदे, हिच्या नव्या घरी भरशील तवा मापाच्या भर. घट नगं, सैलबी नगं."

मी तशाच भरल्या. पुढे सगुणाच्या लेकींनाही मीच भरल्या, आणि तिच्या पहिल्या लेकीच्या बारशाला बायजाक्का बैलगाडीत बसून फलटणपर्यंत गेली होती.

त्या हिरव्या चुड्याचं बायजाक्कानं काय केलं, ते मला त्याच पावसाळ्यात कळलं. मी कातळवाडीला गेले आणि नेहमीच्या सवयीनं तिचं दार लोटलं. डोक्यावर एकदम खळ् असा आवाज झाला. वर पाहिलं तर दाराच्या आतल्या बाजूला खिळा ठोकून त्याला सगुणाच्याच काळ्या दोऱ्यात त्या सगळ्या बांगड्या ओवून टांगल्या होत्या. दार हललं की वाजत.

"कोन?" आतून बायजाक्का ओरडली. बाजेवरून उठताना तिचा तांब्या कलंडल्याचा आवाज आला. अंधारातून ती भिंतीला हात लावत लगबगीनं बाहेर येत होती. चेहरा उजळलेला होता, दोन्ही हात पुढे होते. "कोन हाय? बोल की!"

"मी गं. गोदा."

"हां," ती म्हणाली. हात खाली गेले. "ये. बस."

ती आणखी पाच वर्षं जगली. हैबती आला नाही. मी मात्र त्या दिवसानंतर तिच्या दाराला हात लावायच्या आधी आळीतूनच मोठ्यानं ओरडायचे, "बायजाक्का, कासारीण आली गं!" मग दार हळूच, हात जाईल एवढंच उघडायचे, आत हात घालून त्या बांगड्या मुठीत धरायचे, आणि तशीच, आवाज न करता, आत जायचे.